उंबरखिंडीत नेम का चुकला?



आपल्या राज्यात इयत्ता चौथीला शिवाजी महाराजांचे चरित्र शिकविले जाते, हे आपणास ठाऊकच आहे. काही वर्षांपूर्वी वर्गात उंबरखिंडीची लढाई सांगत होतो. गोष्ट रंगात आली होती. मोगलांची फौज खिंडीत अडकली, वरून गोळ्या आणि बाणांचा मारा सुरू झाला, इतक्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, "सर, या लढाईत आपण कोणाच्या बाजूचे?" वर्ग हसला नाही. प्रश्न सर्वांच्याच मनातला होता, हे मला त्या शांततेवरून कळले. मी त्या वेळी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न सुटेना. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करीत आहे. उत्तर थोडे आडवळणाने येईल, कारण ते घोड्याच्या पाठीवरून आणि धनुष्याच्या दोरीवरून यावयाचे आहे.

ही खिंड आपल्यापासून दूर नाही. खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्याने निघा, शेमडी फाट्याला वळा आणि चावणी गावी या. अंबा नदीच्या पात्रालगत स्मारक उभे आहे. मान वर केली की सह्याद्रीची सरळ उभी भिंत दिसते. त्या भिंतीच्या माथ्यावर लोणावळ्याजवळचे कुरवंडे, आणि शेजारी नागफणीचा सुळका. कुरवंड्याहून जी वाट खाली उतरते, तीच या कथेची वाट. खालचा हा मुलूख खालापूर तालुक्यातला, रायगड जिल्ह्यातला, ज्याला १९८१ पूर्वी आपण कुलाबा जिल्हा म्हणत होतो.

आता प्रसंग थोडक्यात सांगतो. औरंगजेबाचा मामा शाएस्ताखान १६६० साली पुण्यात येऊन बसला. त्याच वर्षी चाकणचा किल्ला त्याने घेतला, पण त्या लहानशा भुईकोटासाठी त्याला जवळजवळ दोन महिने खर्ची घालावे लागले. पुढे उत्तर कोकणात, कल्याण, पनवेल, नागोठणे या बाजूला शिरावे म्हणून त्याने १६६१ च्या आरंभी कारतलबखान नावाच्या सरदारास मोठी फौज देऊन पाठविले. खान मूळचा उझबेक. त्याच्याबरोबर रायबाघन होती, मित्रसेन होता, जाधव, कोकाटे, गाढे अशी मराठी आडनावांची घराणी होती. नेहमीचा बोरघाट सोडून ही फौज कुरवंड्याच्या अवघड वाटेने उतरली. तळाशी दाट रान आणि अरुंद खिंड. महाराजांना या हालचालीची पूर्ण खबर होती. त्यांचे लोक दोन्ही अंगांच्या झाडीत आधीच दबा धरून बसले होते. २ फेब्रुवारी १६६१ रोजी फौज पुरती आत आल्यावर पुढची वाट बंद झाली, मागचीही बंद झाली, आणि मारा सुरू झाला. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात हा प्रसंग विस्ताराने आला आहे.

आता माझा प्रश्न असा. ज्या फौजेत घोड्यावरून तीर मारणारे लोक होते, ज्यांचा वंशपरंपरेचा तोच हुनर होता, त्यांना उत्तर का देता आले नाही? ते भित्रे होते, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तसे ते नव्हते. त्यांची तालीम काय होती, ते पाहिले म्हणजे उलगडा होतो.

धावत्या घोड्यावरून अचूक तीर मारणे ही मध्य आशियाची विद्या. तुर्क, मंगोल, उझबेक हे लोक तिच्यात मुरलेले. इस्लामच्या आरंभापासूनच तीरंदाजीला आणि घोडा फिरविण्याला प्रतिष्ठा होती. हदीसच्या ग्रंथांत तीरंदाजीची थोरवी आली आहे, आणि ही विद्या शिकून नंतर ती टाकून देणाऱ्याबद्दल नापसंतीही आली आहे. पुढे इजिप्तमध्ये मामलूक सुलतानांच्या काळात तिचे शास्त्रच बनले. चौदाव्या शतकात तैबुगा नावाच्या एका तीरंदाजाने अरबीत तिच्यावर ग्रंथ लिहिला. या लोकांची शिकविण्याची पद्धत पाहिली म्हणजे आपण शिक्षकांनी मान खाली घालावी. शागिर्दाला पहिल्याच दिवशी घोडा मिळत नसे. आधी नरम धनुष्य, तेही बाणाशिवाय. नुसते ओढावयाचे आणि सोडावयाचे. मग बाण लावून अगदी जवळच्या निशाणावर. मग जोरदार धनुष्य, मग लांबचे निशाण. उभ्याने नेम पक्का झाला की मग घोडा, आणि तोही आधी चालता, मग दुडक्या चालीचा, शेवटी भरधाव. या काळात स्वाराला लगाम सोडून केवळ मांड्यांच्या दाबाने घोडा चालविण्याची सवय व्हावी लागे, कारण दोन्ही हात धनुष्यात गुंतलेले. घोड्यालाही तितकेच शिकवावे लागे. एकट्या माणसाचे ते कामच नव्हे.

यातली खरी अडचण कोणती, ते समजून घ्या. उभा माणूस नेम धरतो तेव्हा निशाण स्थिर आणि तोही स्थिर. चालू लागला की प्रत्येक पावलाला शरीराला हिसका बसतो आणि तो हिसका हातात उतरतो. आपल्या कर्जत-खालापूरच्या वाड्यांत डोक्यावर दोन हंडे घेऊन उतारावरून येणारी बाई पाहिली आहे ना? तिची पावले दगडधोंड्यांवर पडतात, पण मान आणि हंडे एका पातळीत चालतात. गुडघे किंचित वाकलेले, पाऊल टाच टेकून अलगद टाकलेले, सगळा धक्का कमरेखालीच जिरतो. चालता चालता अचूक मारण्याचे मर्म नेमके हेच आहे. आजही पोलीस किंवा लष्कराच्या जवानाला चालत्या पावलांनी नेम साधावयास शिकवितात तेव्हा गुडघे मऊ ठेवण्याचाच धडा आधी देतात. शास्त्र बदलले नाही, हत्यार बदलले. घोडेस्वार हेच काम रिकिबीत उभा राहून करी. खोगिरावर दणका बसू नये म्हणून तो किंचित उचललेला असे, आणि घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात त्या क्षणभरात बाण सोडी. निशाणाच्या पुढेमागे किती धरावयाचे, तो अंदाज आकडेमोडीने येत नसे, हजारो वेळा चुकून येई.

त्यांचा एक खेळ होता, कबक. मैदानात उंच काठी रोवून तिच्या टोकाला भोपळा किंवा धातूचा गोळा टांगावयाचा. स्वाराने भरधाव यावे, काठी ओलांडावी, आणि कमरेतून मागे वळून वरच्या बाजूस तीर मारावा. कैरोत तेराव्या शतकात सुलतान बैबर्सने यासाठी खास मैदान बांधविले होते. आपल्याकडे मोगलांनीही हा खेळ आणला. अकबर मुलगा असताना त्याने कबक उडविल्याचा उल्लेख 'अकबरनाम्या'त आहे.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या शाळेच्या संमेलनात मुले-मुली लेजीम खेळतात. ही लेजीम आली कोठून? फारसीत लेजीम म्हणजे तीरंदाजाचे कसरतीचे धनुष्य. दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेली असे, दंडात जोर यावा म्हणून. आखाड्यात ती शिरली, साखळीला चकत्या आल्या, ढोल-हलगीचा ठेका आला आणि युद्धाचे साधन नाचाचे झाले. दुसरा शब्द तर आपण शिक्षक दिवसातून पन्नास वेळा वापरतो. 'शिस्त'! फारसीत शस्त म्हणजे धनुष्याची दोरी ओढताना अंगठ्यात घालावयाची कडी, आणि त्यावरून नेम. जुन्या मराठीत 'शिस्त धरणे' म्हणजे नेम धरणे. पुढे त्याचा अर्थ सरळ ओळ, व्यवस्था असा होत गेला. तेव्हा जो मुलगा वर्गात गडबड करतो त्याला शिस्त लावणे म्हणजे मुळात त्याचा नेम सरळ करणे होय. असो.

या स्वारांची मारक शक्ती किती होती, याची साक्ष त्याच काळात हिंदुस्थानात राहिलेल्या बर्निये या फ्रेंच प्रवाशाने दिली आहे. बंदूकवाल्याच्या दोन गोळ्या सुटेपर्यंत घोडेस्वार सहा तीर मारतो, अशा अर्थाचे त्याने लिहिले आहे. हे खोटे वाटू देऊ नका. तोड्याची बंदूक भरणे म्हणजे लांबलचक उपद्व्याप. शिंगातून दारू नळीत ओतावयाची, गोळी घालावयाची, गजाने ठासावयाची, कानात रंजक घालावयाची, जळता तोडा फुंकून नीट लावावयाचा, आणि मग नेम. पळता पळता हे करणे जवळजवळ अशक्य. रंजक सांडते, वाऱ्याने उडते, आणि जळता तोडा स्वतःच्याच दारूला लागण्याचे भय वेगळेच. म्हणून मोकळ्या मैदानात तीरंदाज स्वारापुढे एकटा बंदूकवाला म्हणजे बसलेले पाखरू.

परंतु 'मोकळ्या मैदानात' हे शब्द विसरू नका.

२१ एप्रिल १५२६ रोजी पानिपतावर बाबराने काय केले? हा बाबरही आजच्या उझबेकिस्तानातल्या अंदिजानचा. मध्ये गाड्या बांधून त्यामागे तोफा-बंदुका ठेवल्या आणि दोन्ही टोकांचे स्वार वळसा घालून इब्राहिम लोदीच्या पाठीमागे गेले. या डावाला तुलगमा म्हणत. फिरते स्वार सतत तीर मारीत राहिले आणि लोदीची प्रचंड फौज मध्ये दाटत गेली. इतकी दाटली की धड पुढे जाता येईना, धड मागे. जो हलत होता तो जिंकला, जो अडकला तो बुडाला. दोन्हीकडचे राज्यकर्ते मुसलमानच होते, हे सांगावयास नको.

आता उंबरखिंड पुन्हा डोळ्यांसमोर आणा. कुरवंड्याची वाट उतरताना फौजेची लांबच लांब दोरी झालेली. घोडे बहुधा हाताने धरून उतरवावे लागले असतील. त्या वाटेने जो एकदा उतरला आहे, त्याला हे पटेल. खाली रान, वारा नाही, उन्हाने आणि तहानेने जीव कासावीस. घोड्याला धाव घेण्यास पन्नास पावलांची सुद्धा मोकळी जागा नाही. वळसा कोठे घालणार? मागे वळून मारावयाचे, तर मागे आपलाच माणूस. वर पाहून मारावयाचे, तर झाडीत निशाण दिसत नाही. बालपणापासून घटवलेली सारी विद्या हालचालीवर उभी होती, आणि हालचालच नाहीशी झाली. पानिपतावर बाबराने लोदीचे जे केले, तेच महाराजांनी बाबराच्या पणतूच्या नातवाच्या, म्हणजे औरंगजेबाच्या, फौजेचे केले. फरक इतकाच, की वळसा घालण्याचे काम येथे स्वारांऐवजी डोंगराने केले.

उलट बाजूस तोड्याच्या बंदुकीचे सारे दोष या जागी गळून पडले. मावळा झाडाआड बसला आहे, बंदूक भरण्यास त्याला उसंत आहे, नळी खडकावर टेकता येते, निशाण खाली दाटीवाटीने उभे आहे. एक झाडला की दुसरा भरतो. मावळ्याची हालचाल गोळी सुटण्याच्या क्षणी नव्हती, ती दोन गोळ्यांच्या मधली होती. एका झाडामागून दुसऱ्या झाडामागे, एका दरडीवरून दुसरीवर, शत्रूच्या नजरेस न पडता. हलावे तेव्हा मारू नये, मारावे तेव्हा स्थिर असावे, पण एका जागी दोनदा सापडू नये. घोडेस्वाराने हालणे आणि मारणे एक केले होते, मावळ्याने ती दोन कामे वेगळी ठेवली. दोघांनाही आयुष्यभराची मेहनत लागे. आमच्या भागातले कातकरी आणि ठाकर धनुष्य किंवा गलोल घेऊन रानात ज्या पद्धतीने चालतात, थबकतात, नेम धरतात, ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. महाराजांच्या फौजेने ही चाल पुस्तकातून घेतली नव्हती, ती या डोंगरातच होती.

तेव्हा माझ्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा पहिला भाग सुटला. खिंडीत एका धर्माने दुसऱ्या धर्माचा पराभव केला नाही. एका जागेसाठी घडवलेली विद्या दुसऱ्या जागेत आणली गेली, आणि जेथे ती निकामी होते ती जागा ज्याला पायाखालची होती त्याने ती निवडली.

प्रश्नाचा दुसरा भाग 'कोणाच्या बाजूचे' हा. बाजू तरी किती सरळ होत्या, पाहा. खानाच्या फौजेतली रायबाघन ही माहूरच्या उदाराम घराण्यातील सून, नाव सावित्रीबाई, मराठी बाई. रायबाघन ही पदवी तिला पराक्रमाबद्दल औरंगजेबाने दिलेली. खिंडीत खान हतबुद्ध झाला तेव्हा तिनेच त्याला खडसावले, की सिंहाच्या रानात तू फौज आणून कोंडलीस, आता शरण जा आणि लोक वाचव, अशा आशयाचे वर्णन परमानंदाने केले आहे. खानाने वकील पाठविला. महाराजांनी हत्यारे, घोडे, द्रव्य ठेवून घेऊन माणसांना सुखरूप जाऊ दिले. शरण आलेल्या फौजेची कत्तल झाली नाही, हे धड्यात एका ओळीत येते. मला वाटते, तेथे शिक्षकाने थोडे थांबावे.

आणि महाराजांची बाजू? त्यांच्या पायदळाचे आरंभीचे सरनोबत नूर बेग होते. आरमारात पुढे दौलतखान होता. या लढाईच्या आदल्याच वर्षी पन्हाळ्याला वेढा पडला असता तो फोडण्यासाठी नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलाल लढला आणि त्या लढाईत त्याचा मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. वेढा घालणाराही सिद्दी जौहरच होता. पराभूत झालेल्या फौजेतले धर्म मोजावयाचे आणि विजयी झालेल्या फौजेतले मोजावयाचे नाहीत, किंवा याच्या उलट करावयाचे, हा हिशेब अर्धवट आहे. पालकहो, घरी मुलांनी विचारले तर त्यांना रागावू नका आणि प्रश्न टाळूही नका. पूर्ण यादी द्या.

नेताजी पालकरांचे नाव आले म्हणून सांगतो. परंपरा त्यांना आपल्याच खालापूर तालुक्यातील चौक गावचे मानते. उंबरखिंडीनंतर महाराज दक्षिण कोकणात दाभोळ, संगमेश्वराकडे गेले तेव्हा मोगलांवर नजर ठेवण्यासाठी नेताजींना मागे ठेवले होते. पुढे १६६६ साली ते महाराजांपासून दुरावले आणि अखेर मोगलांकडे गेले. तेथे त्यांचे धर्मांतर होऊन मुहंमद कुलीखान हे नाव पडले. त्यांची रवानगी पार काबूलच्या बाजूला झाली. १६७६ साली ते परत आले आणि महाराजांनी त्यांना पुन्हा पदरी घेतले. कोकणच्या काठावरच्या डोंगरात वाढलेला हा माणूस थेट त्या प्रदेशापर्यंत जाऊन आला, जेथून धावत्या घोड्यावरचा तीर हिंदुस्थानात आला होता. दोन्ही तऱ्हांची लढाई आतून पाहिलेला असा दुसरा सरदार मला आठवत नाही. त्याने आपले अनुभव लिहून ठेवले असते तर! पण आपल्याकडे तलवार गाजविणाऱ्यांनी लेखणी क्वचितच हाती धरली.

कर्जतच्या मुलांना वाटेल, सगळा मान खालापूरला दिला. तसे नाही. कर्जत तालुक्यातील पेठचा कोथळीगड म्हणजे खडकाच्या सुळक्यात आतून जिना कोरलेला विलक्षण किल्ला. तेथे मराठ्यांचा शस्त्रसाठा असे आणि संभाजी महाराजांच्या काळात, १६८४ साली, तो मोगलांनी घेतला. आणि अगदी अलीकडचे उदाहरण माथेरानच्या भाई कोतवालांचे. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडून इंग्रज सरकारला जेरीस आणले. दस्ता रानातून सतत फिरता होता, आज येथे तर उद्या तेथे, तोवर पोलिसांच्या हाती लागला नाही. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात मुक्कामावर असताना मात्र वेढा पडला, आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील तेथे हुतात्मा झाले. हत्यारांत आणि संख्येत सरकार नेहमीच वरचढ होते. दस्त्याचे बळ चालण्यात होते, आणि तो थांबलेला असताना गाठला गेला.

विद्यार्थी मित्रांनो, या वर्षीची सहल उंबरखिंडीला काढावी, असे मी आपल्या मुख्याध्यापकांना सुचविणार आहे. दर वर्षी २ फेब्रुवारीला तेथे विजयदिन साजरा होतो, त्याच सुमारास जावे. वाळलेल्या पानांवर पाऊल पडले की किती लांब ऐकू येते, ते तेथे उभे राहिल्यावरच समजते. एक प्रयोग करून पाहा. नदीतला एक मोठा दगड निशाण धरा. आधी उभे राहून दहा खडे मारा, मग पळता पळता दहा मारा, मग चार पावले पळून, थांबून, श्वास सोडून एक एक मारा. किती लागले ते वहीत मांडा. इतिहासाच्या वहीत मांडा, खेळाच्या नव्हे. आणि प्रत्येकाने पाण्याची बाटली सोबत आणावी. कारतलबखानाच्या लोकांनी ती काळजी घेतली नव्हती.